‘मिरेय’ : काव्यातून पाळण्यात आलेले नाव

अपत्याचे नाव ठेवताना आपण आजी-पणजीचे स्मरण करतो किंवा कुलदैवताचे. क्वचित एखादे नाव कवीच्या लेखणीतून निघून घरोघरच्या पाळण्यापर्यंत पोहोचते. फ्रान्समधील ‘मिरेय’ हे स्त्रीनाम अशांपैकीच एक होय.

दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हांस प्रांताची भाषा प्रोव्हांसाल. तिच्या भाषाकुलातील कवींनी मध्ययुगात साऱ्या युरोपला प्रेमकाव्याचा आदर्श घालून दिला. परंतु १५३९च्या राजाज्ञेने न्यायालये व दप्तरे फ्रेंचच्या हाती गेली आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत ही भाषा ‘खेडवळांची बोली’ म्हणून हिणवली जाऊ लागली. तिला पुन्हा प्रतिष्ठा मिळावी म्हणून १८५४ मध्ये सात कवींनी ‘फेलिब्रिज’ ही संस्था स्थापन केली. फ्रेदेरिक मिस्त्राल हे त्यांतील अग्रणी.

१८५९ मध्ये मिस्त्राल यांचे ‘मिरेयो’ हे बारा सर्गांचे काव्य प्रसिद्ध झाले. संपन्न शेतकऱ्याची कन्या मिरेयो बुरूडकाम करणाऱ्या विन्सेनवर प्रेम करते. घरच्यांचा विरोध होताच ती संतस्त्रियांच्या समुद्रकाठच्या तीर्थाकडे एकटीच निघते, क्रोचा उजाड माळ ओलांडून पुढे कामार्गमध्ये उन्हाचा तडाखा बसून कोसळते आणि त्या तीर्थीच प्राण सोडते. लामार्तीन यांनी या काव्याचा गौरव केला. १८६४ मध्ये गुनो यांनी त्यावर संगीतिका रचली. हे नाव आपण लहानपणी घरातच ऐकले होते, असे मिस्त्राल यांनी आठवणींत नमूद केले आहे.

मात्र १८०३च्या कायद्याने पंचांगांतील वा प्राचीन इतिहासातील नावांनाच मान्यता होती. आपल्या धर्मकन्येच्या बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरूने आक्षेप घेताच, हे ‘मिरियम’चेच प्रोव्हांसाल रूप आहे, असे सांगून मिस्त्राल यांनी वेळ निभावून नेली, अशी कथा आहे. नावाची वाट अशी मोकळी झाली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास ते फ्रान्सभर लोकप्रिय झाले. १९४६ मध्ये आव्हिन्यों येथे जन्मलेल्या गायिका मिरेय मातिय यांनी ते जगभर नेले. नावांवरील तो निर्बंध १९९३ मध्ये उठला.

मिस्त्राल यांना १९०४चे नोबेल पारितोषिक (विभागून) मिळाले. तरी युनेस्कोने प्रोव्हांसालची गणना गंभीर धोक्यातील भाषांत केली आहे. नाव तगले, पण ज्या भाषेसाठी ते काव्य रचले ती घराघरांतून ओसरली. पिढ्यान् पिढ्या परभाषिक मुलखात राहूनही मुलींची मराठी नावे जपणाऱ्या आपल्या घराण्यांनी यातून एवढे उमजावे, की नाव ही भाषेची खूण असते. तिचा निवास मात्र रोजच्या बोलण्यातच असतो.