टाकून दिलेल्या औषधाची गोष्ट

विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात औषधाचा शोध बहुधा एका वाक्यात उरकलेला असतो. अमक्याने अमुक साली अमुक औषध शोधले, एवढेच. त्यामुळे औषध 'सापडते' असा मुलांचा समज होतो. प्रत्यक्षात एखादा पदार्थ सापडणे आणि तो रुग्णाच्या उपयोगी पडणे यांत तीस-तीस वर्षे जातात. अशाच एका औषधाची ही हकीगत. तिचे काही धागे आपल्या महाराष्ट्रातले आहेत.

मोठे आतडे आणि गुदाशय यांचा कर्करोग वेळेत लक्षात आला तर शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. पण तो यकृतात किंवा फुप्फुसात पसरला, अथवा शस्त्रक्रियेनंतर पुन्हा उद्भवला, तर बहुतेक वेळा औषधांवरच भिस्त ठेवावी लागते. १९५७ साली चार्ल्स हायडेलबर्गर यांनी पुढे आणलेले ५-फ्लुओरोयुरॅसिल हेच त्यासाठी जवळजवळ चाळीस वर्षे मुख्य औषध होते. ते लागू पडेनासे झाले की डॉक्टरांच्या हाती फारसे काही उरत नसे.

आता नंदुरबारला जाऊ. मनसुख वाणी यांचा जन्म तेथे १९२५ साली झाला. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राच्या पदव्या घेऊन ते पुढे अमेरिकेत गेले, इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि १९६२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. कॅम्प्टोथेका या चिनी वृक्षाचा अर्क उंदरांमधील कर्करोगावर परिणाम करतो, हे तोवर दिसले होते. अर्कात शेकडो पदार्थ असतात. ते एकेक वेगळे करायचे आणि प्रत्येक भाग पुन्हा तपासायचा, असे हे चिकाटीचे काम. १९६६ साली वॉल, वाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातील गुणकारी पदार्थाची रचना प्रसिद्ध केली. तो पदार्थ म्हणजे कॅम्प्टोथेसिन.

अडचण अशी होती, की तो पाण्यात विरघळत नव्हता. मग शिरेतून द्यायचा कसा? त्याच्या रेणूतील एक कडे अल्कलीने उघडले की विरघळणारे सोडियम लवण मिळते. तेच रुग्णांना देण्यात आले. १९७० मधील पहिल्या छोट्या चाचणीत आतड्याच्या कर्करोगाच्या काही रुग्णांच्या गाठी आकसल्या आणि आशा वाढली. पण १९७२ साली मोर्टेल यांनी पचनसंस्थेच्या कर्करोगाच्या ६१ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी फक्त दोघांना काही गुण आला, उलट अनेकांना दुष्परिणामांचा त्रास झाला. या औषधाने मूत्राशयाचा दाह होऊन लघवीतून रक्त जाई. औषध बाजूला पडले.

येथे मुलांना विचारण्याजोगा प्रश्न आहे : चूक कोणाची? चाचणीची नव्हे. तिने जे दिले गेले त्याचे खरे उत्तर दिले. पण जे दिले गेले ते मूळ कॅम्प्टोथेसिन नव्हतेच. कडे उघडले की रेणूची ताकद बरीचशी जाते. मूत्राशयातील आम्लात मात्र ते कडे पुन्हा मिटते, आणि जेथे नको नेमके तेथेच औषध जोर करते.

ताकद कशात आहे, हे १९८५ साली उलगडले. वर्गात सुतळीचे दोन पदर मधून उकलून पाहा. पुढचा भाग अधिकच पिळला जातो. पेशी विभागण्यापूर्वी डीएनए उकलताना हेच घडते. हा पीळ सोडवायला टोपोआयसोमरेज-१ नावाचे विकर एक पदर कापते, पीळ सुटू देते आणि पदर पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन नेमके जोडण्याच्या वेळी आड येते. विभागण्याच्या घाईत असलेल्या पेशीत मग डीएनए तुटतो आणि पेशी मरते. कारण कळल्यावर रसायनज्ञांचे काम निश्चित झाले : कडे मिटलेलेच ठेवायचे आणि विद्राव्यता दुसऱ्या टोकाला आणायची. जपानमध्ये तयार झालेले इरिनोटेकन हे असेच रूप होय.

५-फ्लुओरोयुरॅसिल निष्फळ ठरलेल्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील अभ्यासात १८९ जणांना इरिनोटेकन आणि लक्षणांवरील उपचार, तर ९० जणांना केवळ लक्षणांवरील उत्तम उपचार दिले. कोण कोणत्या गटात, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरले. वर्षानंतर पहिल्या गटातील सुमारे ३६ टक्के रुग्ण हयात होते, तर दुसऱ्यातील सुमारे १४ टक्के. पुण्यातील एका शिक्षक-मेळाव्यात मला एका बाईंनी विचारले, "मग त्या नव्वद जणांवर अन्याय नाही का झाला?" प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढेच, की चाचणी सुरू होताना औषध तारील की तीव्र अतिसाराने मारील, हे कोणालाच ठाऊक नव्हते. १९७२ चा अनुभव समोर होता. आणि ३६ टक्के म्हणजे विजयही नव्हे. औषध मिळूनही बहुतेक जण वर्षाच्या आत गेले. पण त्या २७९ जणांमुळे पुढच्या रुग्णांना काय सांगायचे ते कळले.

दुसरा धागा सह्याद्रीतला. १९७२ सालीच मुंबईत गोरेगावच्या सिबा-गायगी संशोधन केंद्रातील गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी आपल्याकडच्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन असल्याचे दाखवले, आणि तेही चिनी झाडापेक्षा अधिक प्रमाणात. फुलांच्या दुर्गंधीमुळे हे नाव पडलेले झाड कोणाच्या खिजगणतीत नव्हते. औषध यशस्वी झाले आणि झाडावर संकट आले. इरिनोटेकन वनस्पतीतून काढलेल्या कॅम्प्टोथेसिनपासून बनवतात. त्यामुळे पश्चिम घाटात नरक्याची चोरटी तोड सुरू झाली आणि कित्येक ठिकाणी तो विरळ झाला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील रसायनज्ञांनी हा रेणू प्रयोगशाळेत घडवण्याचे मार्ग शोधले, भाभा अणुसंशोधन केंद्रात नरक्याच्या पेशींचे संवर्धन करून पाहिले गेले. तरीही झाडावरचा भार पूर्णपणे उतरलेला नाही.

वाणी २०२० साली वारले. १९७२ मध्ये त्यांचा पदार्थ टाकाऊ ठरला होता, तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. प्रयोग फसला की मुले वहीतले पान फाडतात. ते फाडू देऊ नये. काय फसले आणि का, हे त्याच पानावर लिहायला लावावे.