न्यूझीलंडमधील प्रादेशिक परिषदा

न्यूझीलंडमधील प्रादेशिक परिषदा : न्यूझीलंडमध्ये पाणी, मृदा व प्रदूषण यांचे नियमन करणाऱ्या निर्वाचित स्थानिक संस्था. त्या १ नोव्हेंबर १९८९ रोजी अस्तित्वात आल्या. त्यांचे वैशिष्ट्य असे, की त्यांच्या सीमा लोकसंख्या वा जुनी प्रांतरचना यांवरून न ठरविता बहुतांशी नद्यांच्या जलविभाजकांवरून आखण्यात आल्या. वायकाटो परिषदेच्या क्षेत्रात टाउपो सरोवर आणि त्यातून वाहणारी देशातील सर्वांत लांब नदी (सु. ४२५ किमी.) थेट मुखापर्यंत समाविष्ट आहे. या क्षेत्रांतच नगर परिषदा व जिल्हा परिषदा स्वतंत्रपणे काम करतात. त्यांच्याकडे रस्ते, नळपाणी, मैलापाणी व बांधकाम ही कामे असतात. (भारतातील जिल्हा परिषदांशी त्यांचे केवळ नामसाम्य आहे.) गिझबर्न, नेल्सन, मार्लबरो इ. ठिकाणी दोन्ही कामे एकाच संस्थेकडे आहेत. २०१० मध्ये ऑक्लंडही त्यांत गेल्यावर प्रादेशिक परिषदांची संख्या ११ झाली.

पाणलोट क्षेत्रालाच प्रशासनाचा घटक मानण्याची कल्पना महापुरांतून आली. यूरोपीय वसाहतवाल्यांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी डोंगरउतारांवरील जंगले तोडली व जाळली. भूरचनेच्या दृष्टीने तरुण असलेले हे उतार त्यानंतर ढासळू लागले. फेब्रुवारी १९३८ मध्ये कोपुआव्हारा येथील रेल्वे-कामगारांच्या छावणीतील २१ जण पुरात मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हॉक्स बे विभागातील एस्क नदीचे खोरे गाळाखाली गाडले गेले. नदीकाठचे बांध कितीही उंच केले, तरी वरचे उतार उघडे असेपर्यंत ते व्यर्थ होत, हे यानंतर मान्य झाले. १९४१ च्या मृदासंधारण व नदीनियंत्रण अधिनियमाने पाणलोट मंडळे स्थापण्याची तरतूद केली. १९६७ च्या अधिनियमाने नैसर्गिक पाणी अडविणे, वळविणे, उपसणे व त्यात सांडपाणी सोडणे यांविषयीचे हक्क राजसत्तेकडे घेतले आणि ते वाटून देण्याचे काम प्रादेशिक जलमंडळांवर सोपविले. बहुतेक ठिकाणी पाणलोट मंडळांनीच ही भूमिका स्वीकारली. १९८९ च्या पुनर्रचनेत सु. ८५० स्थानिक संस्थांच्या जागी ८६ संस्था आल्या, तेव्हा या मंडळांचे अधिकार प्रादेशिक परिषदांकडे गेले.

परिषदांना खरे सामर्थ्य दिले ते १९९१ च्या साधनसंपत्ती व्यवस्थापन अधिनियमाने. त्याच्या रचनेत मात्र एक विषमता होती व पुढील अनेक वादांचे मूळ तीतच आहे. पाणी घेणे किंवा प्रदूषक द्रव्ये पाण्यात सोडणे हे परिषदेच्या नियमाने वा संमतिपत्राने मुभा दिल्याखेरीज निषिद्ध होते. उलट जमिनीचा वापर नियमाने मनाई केल्याखेरीज मुक्त होता. कारखान्याच्या नळातून नदीत पडणारे सांडपाणी या योजनेत सहज पकडता येई आणि तेथे परिषदांना बरेच यशही लाभले. गायीच्या मूत्रातून जमिनीत मुरून भूजलात जाणाऱ्या नायट्रेटाला मात्र असा नळ नसतो. त्याला आवर घालायचा, तर शेतावर काय चालावे हेच ठरवावे लागते. तसा अधिकार अधिनियमात होता. तथापि परिषदा तो वापरण्यास दीर्घकाळ कचरल्या. दरम्यान दुभत्या गुरांची संख्या १९९० मधील सु. ३४ लाखांवरून २०१४ मध्ये सु. ६७ लाखांवर गेली.

टाउपो सरोवराचे उदाहरण म्हणूनच महत्त्वाचे ठरते. सु. ६२० चौ. किमी. क्षेत्रफळाच्या या निळ्या, नितळ सरोवरात नायट्रोजनाचे प्रमाण वाढू लागल्याचे दिसून आले. भोवतालच्या ज्वालामुखीजन्य जमिनीत पाणी अतिशय सावकाश झिरपते. त्यामुळे सरोवरात आज येणारा नायट्रोजन कित्येकदा मागील पिढीच्या शेतीचा असतो. वायकाटो परिषदेने प्रत्येक शेतास नायट्रोजन-उत्सर्गाची मर्यादा आखून दिली व तिच्या खरेदी-विक्रीस मुभा दिली. नियंत्रणयोग्य नायट्रोजन २० टक्क्यांनी घटविण्यासाठी २००७ मध्ये सार्वजनिक निधीतून एक न्यास स्थापण्यात आला. सरोवराची २००१ मधील स्थिती २०८० पर्यंत परत आणणे, हे उद्दिष्ट आहे. निवडणुकीच्या मुदतीने चालणाऱ्या संस्थेने एवढ्या लांबचे बंधन पत्करावे, ही गोष्ट विरळाच.

कॅन्टरबरीत याच्या उलट घडले. तेथे सिंचनासाठी पाण्याची मागणी वाढत असता जलनियोजन रखडले, असे कारण देऊन केंद्रशासनाने २०१० मध्ये निर्वाचित सदस्यांना दूर करून आयुक्त नेमले. पूर्णतः निर्वाचित परिषद तेथे २०१९ मध्येच परत आली.

परिषदा व जिल्हा परिषदा यांच्यामधील फट ऑगस्ट २०१६ मध्ये हॅव्हलॉक नॉर्थ येथे उघडी पडली. सु. १४,००० वस्तीच्या या गावास भूजल निर्जंतुक न करताच पुरविले जाई. अतिवृष्टीनंतर मेंढ्यांची विष्ठा कूपनलिकांच्या पाण्यात मिसळली. कँपिलोबॅक्टर जंतूंमुळे ५,००० हून अधिक लोक आजारी पडले आणि चार मृत्यूंचा संबंध या साथीशी जोडण्यात आला. पाणी पुरविणे हेस्टिंग्ज जिल्हा परिषदेचे काम होते, तर भूजल राखणे हॉक्स बे प्रादेशिक परिषदेचे. चौकशी आयोगाने दोघींनाही दोष दिला. त्यांच्यात सहकार्य नव्हते, असेही म्हटले. प्रादेशिक परिषदेने तर चौकशी चालू असतानाच दुसरीवर खटला भरला होता व नंतर तो मागे घेतला. पुढे २०२१ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या देखरेखीसाठी स्वतंत्र राष्ट्रीय नियामक संस्थेने काम सुरू केले.

दूषित जमिनी शोधून त्यांवर लक्ष ठेवण्याचे कर्तव्य परिषदांवर २००५ च्या दुरुस्तीने स्पष्टपणे आले. मेंढ्यांच्या कीटकनाशक-स्नानाची जुनी कुंडे, गॅसचे कारखाने, खाणींचे गाळ-साठे अशी ही स्थळे होत. मूळ मालक नाहीसा झालेला असल्यास खर्च कोणी करावा, हा येथील अवघड प्रश्न. ते आरोहा पर्वतावरील टुई खाण १९७३ मध्ये बंद पडली. शिसे व कॅडमियम यांनी दूषित झालेला तिचा गाळ ओढ्यांत उतरत राहिला. अखेरीस शासन व वायकाटो परिषद यांनी सार्वजनिक पैशातून तेथील काम २०१३ मध्ये पूर्ण केले.

फेब्रुवारी २०२३ मध्ये गॅब्रिएल चक्रीवादळाने एस्कचे खोरे पुन्हा गाळाने भरून टाकले. नोव्हेंबर २०२५ मध्ये शासनाने प्रादेशिक परिषदांच्या निर्वाचित सदस्यांची पदे रद्द करून त्यांचे काम त्या त्या प्रदेशातील महापौरांच्या मंडळांकडे देण्याचा प्रस्ताव मांडला.