तरवडीची पोथी

१८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख होता दप्तरांवर. घराघरांतून कर्जरोखे काढून त्यांनी ते जाळले. वाचता येत नसलेल्या, पण अंगठा उठवलेल्या कागदाला अग्नी देणे एवढेच त्यांच्या हाती होते. १८७९च्या कायद्याने काही दिलासा दिला. कागद वाचण्याची विद्या मात्र दिली नाही.

ती उणीव ओळखणारा पत्रकार याच जिल्ह्यात झाला. मुकुंदराव पाटील (१८८५–१९६७) हे ‘दीनबंधु’चे संस्थापक कृष्णराव भालेकर यांचे पुत्र, गणपतराव पाटलांच्या घराण्यात दत्तक गेलेले. गणपतरावांच्या मासिकाचे ‘दीनमित्र’ हेच नाव घेऊन त्यांनी १९१० साली सोमठाण्यातून साप्ताहिक सुरू केले आणि पुढे नेवासे तालुक्यातील तरवडीहून अखेरपर्यंत चालवले. पुण्या-मुंबईच्या संपादकाला कुळकर्णी हा बातमीतला माणूस. मुकुंदरावांना तो रोजच्या वाटेवर भेटणारा. ज्याच्याविषयी लिहायचे त्याच्याच शिवारात राहायचे, ही या पत्रकारितेची खरी जोखीम.

१९१३चे ‘कुलकर्णी लीलामृत’ या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. गावाचे दप्तर, जमिनीच्या नोंदी, साऱ्याचा हिशेब कुळकर्ण्याच्या हाती. त्या लेखणीच्या बळावर कुणबी कसा नागवला जातो, हे मुकुंदरावांनी ओवीत मांडले. ‘लीलामृत’ हे नावच पोथीचे. पोथी एकाने वाचायची आणि गावाने ऐकायची. ज्याला अक्षर येत नाही त्याच्या कानापर्यंत दप्तरातली लबाडी पोचवायला याहून सोयीचे साधन नव्हते. सावकारीवरच्या ‘शेटजी प्रताप’मागेही हीच दृष्टी होती.

या लेखनातला जातिवाचक प्रहार आज काहींना बोचेल. पण त्याचे मूळ वतनात होते: जमिनीची नोंद आणि लेखणी एकाच घरात वंशपरंपरेने राहिली, की तक्रार कोणाकडे करायची? शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापुरात कुळकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात त्यासाठी १९५१ उजाडले. तोवर ‘दीनमित्र’ची चाळिशी उलटली होती.

दंगलीतल्या शेतकऱ्याने कागद जाळला. तरवडीच्या संपादकाने तो मोठ्याने वाचून दाखवला. जळालेला रोखा पुन्हा लिहिता येतो. गावाने एकदा ऐकलेली लबाडी पुन्हा झाकणे मात्र कठीण.