नाव पुसलेली सायकल

बिलोलीतल्या एका सायकल दुकानामागे आम्हांला जुनी फ्रेम दिसली. नाव पुसलेले, क्रमांक गंजाने खाल्लेला. "वडिलांची राले आहे, निजामाच्या काळातली," दुकानदार म्हणाले. भंगारात द्यावी की जपावी, हा त्यांचा प्रश्न होता. आठवण हा पुरावाच; पण तो पडताळायचा कसा?

आट्यांवरून! १८४१ साली व्हिटवर्थने इंग्लंडमध्ये स्क्रूच्या आट्यांना एकच माप असावे, असे सुचवले. पुढे ब्रिटिश सायकलींच्या बीबीच्या नळीत, म्हणजे पायडलचा आस जिथे फिरतो तिथे, इंचाला २४ आटे रूढ झाले. नॉटिंगहॅमच्या राले कारखान्याने मात्र स्वतःचे २६ ठेवले.

चिमट्यावरचे आटे मोजणे सोपे. पण चिमटा बदललेला असू शकतो. बीबीची नळी फ्रेमलाच जोडलेली असते. म्हणून आम्ही तिच्यात मऊ मेण दाबून ठसा घेतला. अर्ध्या इंचात १३ आटे भरले! फ्रेंच सायकलींचे १ मिलिमीटरचे आटेही जवळपास असेच दिसतात. पण तिथे दोन्ही बाजूंचे आटे उजवे असतात. इथे साखळीकडचे आटे डावे निघाले.

म्हणजे घराणे रालेचेच. काळ मात्र यावरून ठरत नाही. हैदराबाद संस्थान १९४८ साली संपले आणि राले सायकली त्यानंतरही विकल्या जात होत्या. आठवणीचा अर्धा भाग आट्यांनी खरा ठरवला. उरलेला वडिलांच्या शब्दावर राहिला.

दुकानदारांनी फ्रेम पुसून आत नेली. मेण आणि पट्टी तर आपल्या शाळेतही असतेच.