कोळंबी संवर्धन : समुद्री शैवालाच्या अर्काचा वापर

तळ्यातील कोळंबीला व्हिब्रिओ गटातील जिवाणूंमुळे होणारे रोग रोखण्यासाठी समुद्री शैवालाचा अर्क खाद्यातून देण्याची पद्धत. हा प्रतिबंधाचा उपाय आहे. मरतूक सुरू झालेले तळे त्याने वाचत नाही.

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत खाडीकाठच्या निमखाऱ्या तळ्यांत पूर्वी टायगर कोळंबी वाढवत. 2009 मध्ये परवानगी मिळाल्यावर व्हॅनामेई जातीची कोळंबी आली. व्हिब्रिओ खाडीच्या पाण्यात मुळातच असतात. तळाशी उरलेले खाद्य कुजले, प्राणवायू घटला की ते बळावतात. ‘व्हिब्रिओ हार्वेयी’ची लागण झालेली पिल्ले हॅचरीच्या टाकीत रात्री चमकतात. ‘व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस’चे काही वाण विष सोडून कोळंबीचे यकृत-स्वादुपिंड नासवतात. बीज सोडल्यापासून महिनाभरात तळी ओस पाडणाऱ्या या रोगाचे कारण 2013 मध्ये उलगडले. पांढरे ठिपके हा मात्र विषाणूजन्य रोग आहे.

जिवाणूंचा रोग म्हटला की आधी आठवतात ती प्रतिजैविके. त्यांच्यावर देशाचा विश्वास बसवण्यात पिंपरीचा वाटा मोठा. तेथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात 1955 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. व्हिब्रिओवर पेनिसिलिन फारसे चालत नाही. म्हणून कोळंबी उत्पादक देशांत ऑक्सिटेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल अशी औषधे तळ्यांत गेली. माणसाला दिलेली गोळी त्या रोग्याच्या शरीरात जाते. तळ्यात टाकलेले औषध पाण्यात आणि गाळात पसरते व त्याला न जुमानणारे जिवाणू मागे ठेवते. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांच्यावर भारतात मत्स्यसंवर्धनात बंदी आहे, आणि त्यांचा अंश सापडला तर निर्यातीचा माल परत येतो.

कोळंबीच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होत नाहीत, त्यामुळे नेहमीच्या अर्थाची लस तिला उपयोगी पडत नाही. तिची सारी भिस्त रक्तपेशी आणि जन्मजात संरक्षणावर. तपकिरी शैवालातील लॅमिनारिनसारख्या शर्करा बुरशीच्या पेशीभित्तिकेतील शर्करांशी मिळत्याजुळत्या असतात. त्या पोटात गेल्या की शत्रू आल्यासारख्या रक्तपेशी सावध होतात. या शर्करा गरम पाण्यात उतरतात. जिवाणूंवर थेट परिणाम करणारी फिनॉलवर्गीय द्रव्ये काढण्यासाठी अल्कोहोल लागते. तिसरी वाट ऑस्ट्रेलियातील ‘डेलिसिया पुल्क्रा’ या लाल शैवालाने दाखवली. त्यातील फ्युरॅनोन द्रव्ये जिवाणूंना मारत नाहीत, त्यांचे आपसातील रासायनिक संकेत तोडतात. ‘हार्वेयी’ची चमक अशाच संकेतांवर चालते. जिवाणू मरत नसल्याने औषधाला न जुमानणारे वाण वाढण्याचा धोकाही येथे कमी, म्हणून ही वाट मला सर्वांत आशादायक वाटते.

प्रयोगशाळेत अर्काभोवती जिवाणू वाढले नाहीत, एवढ्यावर बाटली विकणे चुकीचे आहे. अर्क पाण्यात विरघळून वाया जातो, म्हणून तो खाद्यावर बंधकाने लेपावा लागतो. मालवण, रत्नागिरीच्या खडकांवर पावसाळ्यानंतर वाढणाऱ्या सारगॅसम या तपकिरी शैवालातील द्रव्यांचे प्रमाण ऋतूप्रमाणे बदलते. शिवाय हे शैवाल आर्सेनिक साठवते. प्रत्येक साठ्याची तपासणी म्हणूनच अनिवार्य. हा उपाय तळ्यापुरताच आहे; पाणी गाळून खाणाऱ्या कालवांना आणि शिणाण्यांना उघड्या खाडीत अर्क देणे व्यवहार्य नाही.

वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आणि रत्नागिरीजवळच्या शिरगावचे मत्स्य महाविद्यालय ही या विषयाची राज्यातील स्वाभाविक ठिकाणे. तळ्याचा तळ स्वच्छ, बीज तपासलेले आणि खाद्य मोजून दिलेले असेल, तरच अर्कावर पैसे खर्च करावेत.