ईश्वरी श्राविकेचं सोपारा



वसई-विरारला पाहुणे आले की आपली फिरवायची ठिकाणं ठरलेली असतात. वसईचा किल्ला, जीवदानीचा डोंगर, अर्नाळ्याचा समुद्र, आणि सकाळी देरासर. नालासोपाऱ्याची आठवण निघते ती लोकलच्या गर्दीमुळे. आणि याच नालासोपाऱ्याचं नाव आपण पर्युषणात ऐकतो!

कल्पसूत्राच्या वाचनात जन्मवाचनाला उपाश्रयात पाय ठेवायला जागा नसते. पुढे स्थविरावली येते, आचार्यांची परंपरा, तेव्हा मात्र निम्म्या जणींचं लक्ष पारण्याच्या तयारीकडे लागलेलं असतं. त्या परंपरेतल्या वज्रसेनसूरींची गोष्ट सोपारक नगरात घडते. सोपारक म्हणजे आपलं सोपारा.

बारा वर्षांचा दुष्काळ पडला होता. वज्रस्वामींनी शिष्य वज्रसेनांना सांगून ठेवलं होतं की ज्या दिवशी लाख मोलाच्या अन्नाची भिक्षा समोर येईल, त्याच्या दुसऱ्या दिवशी सुकाळ होईल. विहार करत ते सोपाऱ्याला आले. इथे जिनदत्त नावाचे श्रावक राहत होते, त्यांची पत्नी ईश्वरी. घरात पैसा होता, धान्य नव्हतं. लाख नाणी मोजून एक हंडीभर भात शिजवला आणि ठरवलं की यात विष कालवायचं, शेवटचं जेवायचं आणि सगळ्यांनी एकदमच जायचं. पदरी चार मुलगे होते.

ज्या बाईने रोज पानं वाढली, तिच्या हातात विषाची पुडी यावी! मला या गोष्टीत चमत्कारापेक्षा ही हंडीच जास्त दिसते. तेवढ्यात महाराजसाहेब दारात आले. अशा दिवशीही ईश्वरी वहोरवायला पुढे झाली आणि काय चाललंय ते तिने लपवलं नाही. सूरींनी गुरूंचं वचन सांगून तिला थांबवलं. दुसऱ्या दिवशी धान्याने भरलेली जहाजं बंदराला लागली. पुढे त्या कुटुंबाने दीक्षा घेतली. नागेंद्र, चंद्र, निर्वृत्ती आणि विद्याधर या चार मुलांच्या नावांनी साधूंची चार कुलं निघाली. तपागच्छ आपली परंपरा सांगतो ती यातल्या चंद्रकुलातून. मुलांची नावं पट्टावल्यांमध्ये आहेत, आईचं क्वचितच कुणाच्या तोंडी येतं.

जहाजांचा भाग केवळ गोष्टीतलाच वाटतो ना? पण परंपरा हा प्रसंग ज्या सुमाराला ठेवते, त्याच इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्रमार्गाची माहिती लिहून ठेवली. त्याला ‘पेरिप्लस’ म्हणतात. त्यात भडोचच्या दक्षिणेची बंदरं सांगताना ‘सुप्पारा’ येतं, पाठोपाठ कल्याण. आपल्या या किनाऱ्यावरून गहू, तांदूळ, तूप आणि तिळाचं तेल जहाजाने आफ्रिकेपर्यंत जात असे, असंही त्यात आहे. म्हणजे धान्याची जहाजं इथल्या लोकांना नवी नव्हती. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर मागे पडलं.

चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी तीर्थांची नोंद केली, त्यातही सोपारकातल्या ऋषभदेवांच्या प्रतिमेचा उल्लेख आहे. आणि नवपद ओळीत श्रीपाळ राजाची कथा ऐकता ना? सर्पदंश झालेली तिलकसुंदरी, जिला श्रीपाळ वाचवतो, ती सोपाऱ्याच्याच राजाची मुलगी.

आज बघायला आहे तो बौद्धांचा स्तूप. तो आपला नाही, आपला म्हणून सांगूही नये. पण ईश्वरी ज्या नगरात राहत होती त्याचं डोळ्यांनी दिसणारं एवढंच मोठं काही उरलंय. गावकरी त्या टेकाडाला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खोदला. आत दगडी पेटी होती, तिच्यात तांब्याचा करंडक आणि भोवती आठ बुद्धमूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा, सगळ्यात आत सोन्याचा करंडक. आणि त्या सोन्यात काय जपलं होतं? मातीच्या भांड्याचे तुकडे. भगवानलालांच्या मते ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे. पात्र्याला हात लावताना आपण किती जपतो ते आठवलं, की त्या लोकांची श्रद्धा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

त्याच वर्षी गावात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला मिळाला.

जायचं असेल तर नालासोपारा पश्चिमेला उतरा आणि रिक्षावाल्याला ‘बौद्ध स्तूप’ सांगा. विटांचा उंचवटा आहे, भोवती झाडं. सकाळी जा, दुपारी ऊन फार लागतं. मुलांना आधी हंडीची गोष्ट सांगा, नाहीतर ती पाच मिनिटांत ‘चला’ म्हणतील. जवळच चक्रेश्वर तळं आहे, तिथल्या देवळापाशी जुन्या कोरीव मूर्ती ठेवल्या आहेत, त्याही बघा. करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत आणि आठवा शिलालेख छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. चर्चगेटला खरेदीला जाताच, तर त्या दिवशी पिशव्या भरण्याआधी तिकडे वळा.