मुदतवाढ

२०२० च्या जानेवारीअखेरची गोष्ट. एलटीसी घेऊन आम्ही सहकुटुंब ग्वाल्हेरला गेलो होतो. वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस थेट तिथे नेते, म्हणून कित्येक वर्षं मनात होतं. किल्ला पाहायचा, तानसेनाच्या कबरीपाशी दोन मिनिटं उभं राहायचं, एवढाच बेत. फुटबॉलचा विचारही नव्हता.

किल्ला पाहून उतारावर आलो आणि खिशातला फोन थरथरू लागला. आमच्या कचेरीतल्या फातोर्ड्याला जाणाऱ्या मंडळींचा ग्रुप. पहिला निरोप कोकणीत होता, 'लोबेराक काडलो!' त्याखाली रडके चेहरे, संतापलेले चेहरे आणि काही असे शब्द, की मी फोन मुलापासून लपवला.

फुटबॉल न पाहणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. सेर्जिओ लोबेरा हा स्पेनचा प्रशिक्षक २०१७ साली एफसी गोवाकडे आला. आदल्या वर्षी, २०१६ मध्ये, झिकोसारखा मोठा माणूस प्रशिक्षक असूनही आमचा संघ तळाला गेला होता. लोबेराने तोच संघ असा खेळवला, की फातोर्ड्याच्या गॅलरीत पुन्हा उभं राहावंसं वाटू लागलं. २०१९ मध्ये अंतिम सामन्यात बंगळूरूकडून जादा वेळेत एका गोलने हरलो, पण पुढच्याच महिन्यात सुपर कप आणला. मधल्या काळात त्याचा करार वाढवल्याची बातमी आली, तेव्हा मी स्वतः कँटीनमध्ये सगळ्यांना चहा आणि भजी खिलवली होती. करार वाढला म्हणजे माणूस आपला झाला, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

आता हे मी म्हणावं, यात गंमत आहे. मी सरकारी कारकून. कंत्राटी माणसांच्या मुदतवाढीच्या फाइली माझ्याच टेबलावरून जातात. मुदतवाढ म्हणजे वचन नसतं, फक्त तारीख बदललेली असते, हे मला इतरांपेक्षा जास्त ठाऊक असायला हवं होतं. पण गॅलरीत बसलं की कारकून घरी राहतो.

आणि आता साखळीतले तीनच सामने उरलेले, संघ पहिल्या जागेच्या शर्यतीत, आणि प्रशिक्षकाला नारळ!

त्या संध्याकाळी लष्करात एका ओळखीच्या काकांकडे जेवायला बोलावलं होतं. लष्कर म्हणजे ग्वाल्हेरचा तो भाग, जिथे १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी पडली आणि पुढे तिचंच शहर झालं. काकांच्या चार पिढ्या तिथल्या. मराठी अस्सल, पण मधूनच 'देखिए' म्हणतात. माझा पडलेला चेहरा पाहून त्यांनी कारण विचारलं. मी सगळी कहाणी सांगितली. ते ऐकत राहिले, मग हसले.

"अहो, म्हणजे आमचा डी बॉइन की! आमच्याकडे हे सव्वादोनशे वर्षांपूर्वी होऊन गेलंय."

जेवण बाजूलाच राहिलं. घरी परतल्यावर मी महिनाभर याच विषयावर वाचत होतो. त्यातलं थोडं आज लिहितो.

बेन्वा द बॉइन हा सॅव्हॉय प्रांतातल्या शांबेरी गावचा. जन्म १७५१. फ्रेंचांच्या पलटणीत, मग रशियनांकडे, मग मद्रासला इंग्रजांच्या कंपनीत, अशा नोकऱ्या करत तो उत्तरेत आला. तेव्हा महादजी शिंद्यांचा ग्वाल्हेरच्या किल्ल्याला वेढा पडला होता. किल्ला गोहदच्या राण्याकडे. पैसे द्या, पलटणी उभ्या करून वेढा उठवतो, असा प्रस्ताव या माणसाने राण्यापुढे ठेवला. राण्याने पैसे काही दिले नाहीत, उलट महादजींना धाक बसावा म्हणून बातमी मात्र पसरू दिली. १७८३ मध्ये किल्ला महादजींनी घेतलाच. पण आपल्याविरुद्ध एवढा नेमका बेत आखणारा हा कोण, हे त्यांच्या लक्षात राहिलं. प्रतिस्पर्ध्याकडे कामाला निघालेल्या या माणसाला त्यांनी १७८४ मध्ये स्वतःकडे घेतलं. काम होतं युरोपीय कवायतीच्या दोन पलटणी तयार करण्याचं. त्याला दरमहा हजार रुपये आणि शिपायामागे सरासरी आठ.

आपल्या भाषेत सांगायचं तर परदेशी प्रशिक्षक आणला.

१७८७ मध्ये लालसोटला मुघलांच्या पलटणी ऐन लढाईत शत्रूला जाऊन मिळाल्या, पण डी बॉइनच्या पलटणी जागच्या हलल्या नाहीत. पुढच्या वर्षी आग्र्याची लढाई महादजींनी जिंकली, त्यातही या पलटणी होत्या. मग डी बॉइनने मागणी केली, की दोन पलटणींनी भागायचं नाही, दहा हजारांची फौज करू. महादजींनी ते मानलं नाही. तिजोरी रिकामी होती, आणि घोड्यावर वाढलेल्या सरदारांना हे पायदळाचं प्रकरण मुळातच रुचत नव्हतं. करार संपला. डी बॉइन लखनौला जाऊन व्यापार करू लागला.

१७९० मध्ये महादजींनी त्याला परत बोलावलं. या वेळी दहा पलटणींची पुरी ब्रिगेड, पगार चार हजार, पुढे तो दहा हजारांपर्यंत गेला. शिवाय फौजेच्या खर्चासाठी दुआबातला मुलूखच त्याच्या हाती दिला. त्यामुळे शिपायाचा पगार वेळेवर होऊ लागला. त्या काळातल्या फौजा थकलेल्या पगारासाठी सरदाराच्या दारात धरणं धरून बसत, हे लक्षात घेतलं तर ही मुदतवाढ शिपायांना केवढी गोड वाटली असेल! आणि घोडेस्वारांना तेवढीच कडू. पाठीराख्यांतले दोन तट तेव्हाही होतेच.

निकालही लगेच लागले. १७९० च्या जूनमध्ये पाटण, सप्टेंबरमध्ये मेडता. १७९३ मध्ये लाखेरीला तर शिंदे आणि होळकर या दोन मराठी घरांचीच गाठ पडली. तुकोजी होळकरांनीही दुद्रनेक नावाचा फ्रेंच अधिकारी ठेवून चार पलटणी तयार केल्या होत्या. म्हणजे दोन परदेशी प्रशिक्षक समोरासमोर, आणि मेले ते दोन्हीकडचे आपलेच. होळकरांच्या त्या पलटणी जवळजवळ पुऱ्या कापल्या गेल्या.

मात्र डी बॉइनच्या करारात एक अट होती. तो इंग्रजांविरुद्ध लढणार नाही. या एका ओळीपाशी मी बराच वेळ थांबलो. टेबलावर आलेल्या फाइलीत अशी ओळ दिसली असती तर मी तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारून वर पाठवली असती. महादजींनी ती पाहिली नसेल असं नाही. त्या वेळी इंग्रजांशी लढायचं नव्हतं, म्हणून चाललं.

आता आपल्या गोव्याचा धागा. महादजींच्या फौजेचे बक्षी होते जिवबादादा केरकर, पेडण्याच्या केरीचे. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला निजामाविरुद्ध शिंद्यांची फौज त्यांच्या हाताखाली लढली, आणि डी बॉइनच्या तालमीतली पेराँची ब्रिगेड त्याच फौजेत होती. परक्याची कवायत आणि घरचा सेनापती, असा तो मेळ होता. शिंद्यांचा संघ सगळ्यात भक्कम होता तो याच काळात, असं मला वाटतं.

हा मेळ टिकला नाही. महादजी १७९४ च्या फेब्रुवारीत वानवडीला गेले. डी बॉइन तब्येत ढासळल्यामुळे १७९५ च्या अखेरीस नोकरी सोडून निघाला आणि पुढे शांबेरीला जाऊन मोठा दानशूर म्हणून नावाजला गेला. तिथे त्याच्या स्मारकाच्या कारंज्यावर आजही चार हत्ती उभे आहेत. जिवबादादा १७९६ च्या सुरुवातीस वारले. परकी कवायत शिकवणारा आणि ती घरच्या फौजेत वापरणारा, दोघेही काही आठवड्यांच्या अंतराने गेले. डी बॉइनच्या जागी पेराँ आला. पण या पलटणींतून आपला अधिकारी घडवून वरच्या जागी बसवण्याचं काम दौलतरावांच्या दरबारात कुणी केलं नाही.

१८०३ मध्ये त्याची किंमत चुकवावी लागली. इंग्रजांशी युद्ध पेटताच वेलस्लीने जाहीरनामा काढला, की शिंद्यांची चाकरी सोडून येणाऱ्या अधिकाऱ्यांची सोय आम्ही करू. एकेक अधिकारी निघून गेला. ४ सप्टेंबरला अलीगढचा किल्ला पडला, आणि काही दिवसांतच खुद्द पेराँ इंग्रजांच्या स्वाधीन झाला. शिपाई मात्र गेले नाहीत. १ नोव्हेंबरला लासवाडीला बहुतेक युरोपीय अधिकारी निघून गेलेल्या त्या पलटणी तोफांपाशी उभ्या राहून अशा लढल्या, की जनरल लेकनेही त्यांची तारीफ केली. हरले. पण पळाले नाहीत.

हे वाचताना मला फातोर्डा आठवलं. जाणारा जातो, त्याचं पोट दुसरीकडेही भरतं. गॅलरी कुठे जाणार?

पण आमची गोष्ट लासवाडीपेक्षा बरी निघाली. लोबेराला काढल्यावर संघ सोपवला गेला तो क्लिफर्ड मिरांडाकडे. आपला गोव्याचा पोर, धेंपोसाठी वर्षानुवर्षं खेळलेला, भारतासाठी खेळलेला. ग्रुपवर तेव्हा बरेच जण म्हणाले, 'हांगाचो? हाका कितें जमतलें?' मीही त्यांतलाच, खोटं कशाला बोलू? १९ फेब्रुवारीला जमशेदपूरला पाच-शून्य जिंकून आम्ही साखळीत पहिले आलो आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब ठरलो. संघ लोबेराने घडवलेला होता, हे विसरून चालणार नाही. पण शेवटचं दार उघडलं ते घरच्या माणसाने. त्या रात्री मी काकांना फोन केला. ते फुटबॉलमधलं ओ की ठो जाणत नाहीत. एवढंच म्हणाले, "म्हणजे जिवबादादा होते म्हणा की तुमच्याकडे!"

लोबेरा पुढे मुंबई सिटीकडे गेला. आमचे बुमूस, जाहू, फॉल आणि आपला मंदार रावदेसाईही तिकडे गेले. २०२१ च्या मार्चमध्ये मुंबईने उपांत्य फेरीत आम्हालाच पेनल्टीवर हरवलं आणि करंडक उचलला तो फातोर्ड्यात. त्या डिसेंबरात हुआन फेरांडो, ज्याने दोनच महिन्यांपूर्वी आम्हाला ड्युरांड कप जिंकून दिला होता, ऐन हंगामात करारातलं मुक्ततेचं कलम वापरून कोलकात्याला गेला. संघ सावरायला आला पुन्हा एक गोंयकार, डेरिक परेरा. फेरांडोनेही २०२३ चा करंडक उचलला तो फातोर्ड्यातच. फेरांडो गेला त्या दिवशी ग्रुपवर गद्दार, लोभी, सगळं लिहून झालं. मी गप्प राहिलो. डी बॉइनची ती ओळ मला आठवत होती. कलम करारातच होतं, आम्ही फक्त मुदत वाचली होती.

परदेशी प्रशिक्षक नकोत, असं मला म्हणायचं नाही. डी बॉइन नसता तर पाटण आणि मेडता झालं नसतं, लोबेरा नसता तर ते पाच गोलही झाले नसते. चांगल्या माणसाची मुदत वाढली की आनंद होतोच आणि व्हावाही. फक्त त्याच्या हाताखाली शिकणारा आपला माणूस कोण, हे त्याच दिवशी विचारायला हवं. महादजींच्या वारसांनी ते विचारलं नाही. क्लिफर्डने पुढे २०२३ मध्ये ओडिशाला सुपर कप जिंकून दिला, म्हणजे २०२० ची ती जीत नुसत्या नशिबाची नव्हती.

आताही करार वाढल्याची बातमी आली की मी कँटीनमध्ये चहा सांगतो, भजीसुद्धा. पण सामन्याला गेलो की आधी मैदानाकडे नाही, बाकाकडे बघतो. प्रशिक्षकाच्या शेजारी वही घेऊन कोण बसलंय, ते पाहायला.